हुणसेवाडीचा हौद

आमच्या ह्यांचं नाव शिवशरण कलशेट्टी. घेतलं एकदाचं. उखाणा वगैरे काही मिळणार नाही, ते वय गेलं माझं. सोलापूरच्या कोर्टात यांना कलशेट्टी वकील म्हणतात, गावाकडं वकीलअप्पा म्हणतात, आणि मी रागात असले की कायदेमंत्री म्हणते. हल्ली जास्त करून कायदेमंत्रीच म्हणते. कारण म्हातारपणी यांनी एक राष्ट्र स्वतंत्र केलंय. चारेकशे उंबऱ्यांचं, मैंदर्गीपासून थोडं आत, हुणसेवाडी नावाचं. हुणसे म्हणजे कानडीत चिंच. चिंचवाडी म्हणायचं की सरळ! पण नाही.

हे त्याच वाडीत जन्मले. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि शाळा मैंदर्गीला, रोज चालत. पुढं सोलापुरात लॉ कॉलेज, मग एका वयस्कर वकिलांच्या हाताखाली फायली उचलणं, मग कोर्टासमोरच्या बोळात स्वतःची खोली. खून, मारामारी, घटस्फोट यातलं काही यांनी घेतलं नाही. जन्मभर एकच काम केलं, वाटणीचे दावे. शेतकऱ्यांची जमीन असो नाहीतर विणकरांचे माग, भाऊ-भाऊ यायचे, यांच्या खोलीत बसून आपसात कानडीत, तेलुगूत भांडायचे आणि दमले की यांच्याकडं बघायचे. यांची पद्धत ठरलेली. एकानं वाटे घालायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. मग वाटे घालणारा झक मारत सारखेच घालतो. आमच्या दोन पोरींना शेंगापोळीसुद्धा अशीच मिळाली. थोरली शिवानी सुरी घेऊन कोर-कोर बघत कापायची आणि धाकटी तोवर भुकेनं रडायची. न्याय झाला म्हणून पोट भरतं असं थोडंच आहे! पण बापाला कोण सांगणार.

यांना हौस मात्र खुर्चीची. न्यायाधीश व्हायचं म्हणून परीक्षा दिली. लेखी पास झाले, आणि तोंडीला बसल्यावर एकेका प्रश्नाला एवढा विचार करत राहिले की साहेबांनी कंटाळून पुढच्या उमेदवाराला बोलावलं. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतल्यावर नगरसेवकपदाला उभे राहिले आणि सपाटून पडले. मी म्हटलं, "माझं मत तुम्हाला पडलं हे मला ठाऊक आहे. बाकीची कुणाची पडली तेवढं शोधून काढा." हे हसले, पण नंतर बरेच दिवस संध्याकाळचं फिरायला जाणं बंद होतं. मला वाईट वाटलं. हा माणूस खुर्चीवर बसला असता तर खुर्चीचं भलं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं. तोंडावर कधी बोलले नाही. डोक्यावर बसतील.

आता माझं सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. मी वैजयंती, करमाळा तालुक्यातल्या केमची. कुंकवाचं गाव आमचं. आम्हीही लिंगायतच, वाणी, पण घरात निव्वळ मराठी. कानडीचा गंध नव्हता. लग्न होऊन हुणसेवाडीला आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शहाणपणा दाखवायला सासूबाईंना विचारलं, "अत्ती, पाणी आणू का?" त्या म्हणाल्या, "हौद."

मी घागर घेतली आणि हौद शोधायला निघाले. आख्खी वाडी पालथी घातली. ज्याला विचारावं, "हौद?" तो मान डोलवून म्हणतो, "हौद! हौद!" आणि आपल्या कामाला लागतो. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ऊन डोक्यावर आलं, मी रिकामी घागर घेऊन परत, डोळ्यांत पाणी. अंगणात बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. तेव्हा हे पुढं आले आणि हळूच म्हणाले, "अगं, कानडीत हौद म्हणजे होय."

"मग होय म्हणायला काय झालं होतं तुमच्या आईला?" मी म्हटलं. पहिलं भांडण ते आमचं.

हे हसले नाहीत. म्हणाले, "वाडीला हौदच नाही. पाणी मादनहाळच्या विहिरीवरून आणतात. चल, वाट दाखवतो." मादनहाळ म्हणजे शेजारचं मोठं गाव. ग्रामपंचायत त्यांची, विहीर त्यांची, बाजार त्यांचा, आणि आमची वाडी त्यांच्या शेपटाला बांधलेली. विहिरीवर वाडीच्या बायकांनी शेवटी उभं राहायचं असा रिवाज होता. मादनहाळची शेवटची बाई भरून जाईपर्यंत आपण घागर खाली ठेवून बघत राहायचं. त्या दिवशी मी नवी नवरी, हिरव्या चुड्यात, तशीच उभी राहिले. संताप संताप झाला माझा. तो अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

पुढं विहिरीवर पंप बसला, वाडीपर्यंत नळ आला. पण नळाची चावी मादनहाळात. उन्हाळा आला की पहिली बंद व्हायची ती वाडीची चावी, मग पुन्हा घागरी घेऊन तीच वाट, तीच शेवटची जागा. अशाच एका उन्हाळ्यात यांची चुलत बहीण निंगव्वा तिथं रांगेत होती. कुणीतरी ढकललं, ती पायरीवरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड वाकडंच जुळलं. तेव्हापासून निंगव्वा भाकरी एका डाव्या हातानं थापते. आणि थापते अशी की परातीतला आवाज शेजारच्या गल्लीत जावा. आता पार सत्तरीच्या पुढं गेलीय, तरी सुनेला परातीजवळ येऊ देत नाही.

यांनी कोर्टाचं काम थांबवलं तेव्हा मला वाटलं, चला, आता सुखानं चहा पितील. कुठलं काय! वाडीतली पोरं दारात हजर. पुढारी बसू, निंगव्वाचा नातू, मैंदर्गीत मोटारसायकलचं गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "वकीलअप्पा, आमाला मादनहाळ नगो. आमची ग्रामपंचायत येगळी करून द्या की."

हे म्हणाले, "वाटणीच आहे म्हणजे."

"व्हय, वाटणीच."

मी आतून ओरडले, "फी घ्या म्हणावं आधी!" कुणी ऐकलं नाही.

वेगळं व्हायचं तर पहिला लागतो ठराव. वाडीच्या लोकांना एका जागी बसवायचं, ग्रामसेवकानं विषय वाचायचा, लोकांनी मान्य म्हणायचं आणि ते लिहून वर पाठवायचं. नेमका तेव्हा ग्रामसेवक बदलून नवा आला होता. सयाजी त्याचं नाव, आमच्या करमाळ्याकडचा. भला माणूस, पण कानडीच्या नावानं माझ्यासारखीच पाटी कोरी. सभेच्या दिवशी यांची एक जुनी तारीख निघाली आणि हे सोलापुरात अडकले. बसवण्णाच्या देवळापुढं लोक जमले. सयाजी भाऊसाहेबांनी विषय वाचला आणि विचारलं, "तुम्हाला स्वतंत्र ग्रामपंचायत पाहिजे का?"

सगळी वाडी एका आवाजात ओरडली, "हौद! हौद!"

भाऊसाहेबांनी लिहिलं : स्वतंत्र ग्रामपंचायतीचा विषय मांडला असता ग्रामस्थांनी एकमुखाने हौदाची मागणी केली.

आणि खाली लोकांनी आनंदानं सह्या ठोकल्या, अंगठे उठवले. पोरांनी गुलाल उधळला. कागद वर गेला. आमचे कायदेमंत्री वाट बघत बसले, आज उत्तर येईल, उद्या येईल. उत्तर आलं ते असं, की वाडीच्या माळावर एक दिवस जेसीबी येऊन उभा राहिला आणि खड्डा घेऊ लागला. बसूनं विचारलं काय चाललंय, तर बरोबर आलेले साहेब म्हणाले, "तुमचा हौद मंजूर झालाय की!" मोठ्या पाणीयोजनेची पाइपलाइन रस्त्याकडेनं गेलेलीच होती, तिला जोडून सिमेंटचा चांगला ऐसपैस हौद, खाली चारी अंगांनी तोट्या. मागितलं स्वातंत्र्य, मिळाला हौद! मादनहाळात तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. तिथले सरपंच महिपती, वजनदार गडी, बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "वाडीवाल्यांनी देश मागितला आनि भांडं भरून पाणी घिऊन आले."

वाडीतली पोरं सयाजीला मारायलाच निघाली होती. मीच आडवी आले. म्हटलं, "खबरदार माझ्या माहेरच्या माणसाला हात लावाल तर. मीही हेच केलंय, आणि माझ्याकडं तर घागर होती." सयाजी बिचारा रडकुंडीला आलेला. हे मात्र शांत. हौदाभोवती एक फेरी मारली, भिंतीवर थाप मारून बघितली आणि म्हणाले, "काम पक्कं चाललंय. बांधू दे. ठराव पुन्हा करू."

मला म्हणाले, "वैजू, तुझा हौद झाला बरं का."

मी म्हटलं, "फार लवकर झाला."

दुसऱ्या सभेआधी यांनी सगळ्या वाडीला बसवून शिकवणी घेतली. विचारलं की "मान्य" म्हणायचं. पुन्हा म्हणा, मान्य. पुन्हा. म्हातारी माणसं "मान्य, हौद, मान्य" असं काहीतरी एकात एक कालवत होती. हे शाळामास्तरासारखे परत परत सांगायचे. अखेर ठराव नीट गेला. मग अक्कलकोट, सोलापूर, पुणे असे फेरे. मोठ्या साहेबांपुढं सुनावणी झाली तेव्हा मीही गेले होते, मागं बसून बघितलं. यांनी आवाज चढवला नाही. वाडीवर काय अन्याय झाला ते सांगितलं, आणि मग मादनहाळची बाजूही एवढी चांगली मांडली की महिपती सरपंचांचा वकील आपलं टिपण मिटवून बसला. मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस दोन्हीकडून लढतोय, आता आपण हरणार. पण हरलो नाही. काही महिन्यांनी हुणसेवाडी वेगळी झाली. त्या दिवशी मी सोलापुरात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "नातू झाला का?" म्हटलं, "गाव झालं."

मग आली वाटणी. साहेब म्हणाले, आपसात ठरवून आणा. यांनी तीच जुनी शेंगापोळी काढली. महिपती सरपंचांना म्हणाले, "वाटे मी घालतो, आधी तुम्ही उचला." एका वाट्यात मोठी विहीर आणि बाजाराचं पटांगण. दुसऱ्यात हौद, माळ आणि चिंचेची झाडं. वाडीची पोरं दातओठ खात होती. महिपतींनी क्षणाचाही विचार केला नाही. विहीर आणि बाजार उचलला आणि हसत म्हणाले, "हौद तुमाला लखलाभ. आमची हीर कवा आटलेली न्हाय, आटनार न्हाय." मोठ्या योजनेची लाइन घ्या म्हणून त्यांना मागं दोनदा विचारलं होतं, ती त्यांनी याच तोऱ्यात नाकारली होती.

वाडीची पहिली निवडणूक लागली. सगळ्यांनी मिळून ठरवलं, पहिला सरपंच वकीलअप्पाच, बिनविरोध. यांनी नाव आधीच वाडीच्या मतदार यादीत नेऊन ठेवलं होतं, माझंही, मला न विचारता. मग जुळे सोलापूरचा फ्लॅट बंद करून आम्ही वाडीतल्या यांच्या घरी राहायला आलो. मी चिक्कार कुरकुर केली. पण पंचायतीच्या खोलीत हे पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले, आणि हात कुठं ठेवायचे ते कळेना म्हणून टेबलावर ठेवले, परत मांडीवर घेतले, तेव्हा माझी कुरकुर थांबली. खुर्ची म्हणाल तर प्लास्टिकची. पण जन्मभर जिची वाट बघितली ती मिळाली होती.

आणि मग उन्हाळा आला. या वर्षीचा उन्हाळा काय सांगावा! मादनहाळची कधी न आटणारी विहीर चैत्रातच तळाला गेली. उरलं ते पाणी मचूळ, जनावर तोंड लावेना. एका सकाळी महिपती आमच्या ओसरीवर हजर. बसले. चहा झाला. उसाचं बोलले, लग्नसराईचं बोलले, गुडघेदुखीचं बोलले. दुसरा चहा झाला. मी दारात उभी, मुद्द्याची वाट बघत. शेवटी पेल्यात बघत म्हणाले, "वैनी, च्या लई गोड झाला. पानीच गोड हाय हो तुमच्याकडचं."

"हौदाचं आहे," मी म्हटलं. "देश मागितला होता, तेव्हा मिळालेलं."

हे माझ्याकडं बघून डोळे वटारत होते. मी कशाला बघते! महिपतींची मान खाली गेली. म्हणाले, "बोला वैनी. तुमचा हक्क हाय." गडी गेला तेव्हा मला थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईट वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

त्याच दुपारपासून मादनहाळच्या बायका घागरी, कळश्या, प्लास्टिकचे कॅन घेऊन माळावर येऊ लागल्या. हौदाला पाणी मुबलक होतं. वाडीचं भरून उरत होतं. पण पोरांचं डोकं फिरलं. बसूनं मैंदर्गीच्या बाजारातून एक जाडजूड कुलूप आणलं, तोट्यांना लोखंडी पेटी करून घेतली, आणि एक मेच्या ग्रामसभेत विषय ठेवला : हौदाला कुलूप लावावे व परगावच्या लोकांस पाणी देऊ नये. स्वतंत्र झाल्यावर वाडीची ही पहिलीच ग्रामसभा, आणि पहिलाच ठराव हा.

सभेच्या दिवशी सकाळी हे सदरा घालताना म्हणाले, "कुलूप लागलं तर मी खुर्ची सोडणार."

माझ्या हातातला तवा तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"सरपंच म्हणून त्या ठरावाखाली सही माझी. मी करणार नाही. आणि गावाचा ठराव मोडणारही नाही. मग उठायचं, एवढंच राहतं."

"एवढी वर्षं फेरे घातले ते उठायला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी असते तर एक नाही, दोन कुलपं लावली असती! निंगव्वाचा हात विसरलात? मला उभी केली होती तिथं, नव्या चुड्यात, ते विसरलात?"

"विसरलो नाही."

"मग?"

हे गुंड्या लावत होते, वरची गुंडी खालच्या काजात. म्हणाले, "वैजू, जन्मभर वाटण्या केल्या मी. वाटणी झाल्यावर ज्या भावांनी एकमेकांचं पाणी तोडलं ना, त्यांची पोरं पुन्हा माझ्याकडंच आली, नवे दावे घेऊन. वाटणी झाली म्हणजे भाऊ मेला का? या वाडीचा पहिला कागद कुलपाचा निघाला तर पुढचे सगळे तसेच निघतील."

मी गुंड्या नीट लावून दिल्या. रागच आला होता मला. पण या माणसाला खुर्चीवरून उठताना मला बघवणार नव्हतं, हेही खरं होतं.

बसवण्णाच्या देवळापुढं मांडव घातला होता. वाडी लोटली होती. एका बाजूला मादनहाळच्या पाच-सात बायका, पाण्याला आलेल्या, घागरी खाली ठेवून लांब उभ्या. महिपतीही मागं चिंचेखाली येऊन थांबले होते. सयाजी भाऊसाहेब लिहायला बसले. बसूनं टेबलावर कुलूप ठेवलं, चांगलं आवाज करून, आणि बोलायला उभा राहिला.

"माझ्या आज्जीचा हात बघा. एका घागरीसाठी मोडलाय. आज तीच मानसं आमच्या दारात हायत. त्येंनी आमाला देश मागितला म्हनून हासलं. मी म्हनतो, कुलूप! ज्येंना पटतंय त्येंनी हात वर करा."

हात वर जायला लागले. माझाही हात मांडीवरून उठला होता, खोटं नाही सांगत. तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा. हात मोजायच्या आधी एक विचारू द्या. कुलूप कुणाच्या नावानं आणलंय?"

"माझ्या आज्जीच्या," बसू म्हणाला.

"मग तिला विचारलंस का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. निंगव्वा पुढंच बसली होती, वाकडं मनगट मांडीवर घेऊन. हे खुर्चीवरून उठले, तिच्यासमोर जाऊन खाली बसले. कानडीत बोलतील असं वाटलं होतं, पण भाऊसाहेबांना कळावं म्हणून सरळ मराठीत विचारलं, "अक्का, तू म्हणशील ते मी गावाला सांगतो. मादनहाळच्या बायकांना पाणी द्यायचं का?"

निंगव्वा लांब उभ्या बायकांकडं बघत राहिली. तिकडं कुणी हललं नाही. मी यांच्याकडं बघत होते, खाली जमिनीवर बसलेल्या माझ्या माणसाकडं, आणि मागं त्या रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं. माझा हात कधी खाली आला मला कळलं नाही. मी मनात म्हणत होते, बाई, काहीतरी बोल.

निंगव्वानं तोंड उघडलं. म्हणाली, "हौद."

भाऊसाहेबांची लेखणी अधांतरी. एकदा पोळलेला माणूस तो. घाम पुसत म्हणाले, "आज्जी, माफ करा, पण हौद म्हणजे हौद, का हौद म्हणजे होय?"

"दोनी लिव्ह की रं, भाऊसायब," निंगव्वा म्हणाली.

आख्खी सभा फुटली हसून. बसूसुद्धा हसला, मग ओशाळून म्हणाला, "आज्जी, पर तुझा हात..."

"माझा हात माज्यापाशी ऱ्हाऊ दे. तू कशाला त्येला कुलूप घालतोस?" निंगव्वा त्याच्यावर डाफरली. "आनि ऐक. मी रोज हौदापाशी बसनार हाय. माज्यासमोरनं पानी न्हेऊ देत त्येंना. आमचं पानी पिऊन त्येंची जीब कशी वळती ते मला बगायचंय. कुलूप लावलंस तर मी काय बगू? कुलूप बगू?"

परत हशा. यांनी उठून पुन्हा विचारलं, कुलूप कुणाला हवंय? दोन-चार हात वर गेले आणि शेजारच्यांकडं बघून खाली आले. हे खुर्चीवर जाऊन बसले. हात टेबलावर ठेवले, आणि या वेळी तिथंच राहू दिले. महिपती मागून पुढं आले, निंगव्वासमोर वाकले आणि तिच्या वाकड्या हाताला हात लावून नमस्कार केला. काहीतरी बोलायला गेले, पण ती म्हणाली, "बायकास्नी रांग लावाय सांग. हितं शेवटी-बिवटी काय नसतंय. आला तसा नंबर." कुलूप टेबलावरच पडलं होतं. यांनी ते उचलून पंचायतीच्या खोलीला लावायला दिलं, तिला एरवी दोरीच बांधत होतो.

भाऊसाहेबांनी ठराव वाचून दाखवला आणि सह्यांना सुरुवात झाली. मला तिथं थांबवेना. घरी आले, फळीवरची सासूबाईंची पितळी घागर उतरवली, पदरानं पुसली आणि कमरेवर घेऊन निघाले. वय काय, ऊन काय, काही सुचत नव्हतं, नुसता आनंद झाला होता. देवळापुढून जाताना यांनी बघितलं. सही करता करता थांबले आणि सगळ्या सभेदेखत हाक मारली, "अहो, या उन्हात कुठं निघालात?"

म्हटलं, "अत्तींनी सांगितलं होतं की. हौद."